वायरवरचा माग : मालवेअरचा संसर्ग नेटवर्क ट्रॅफिकमधून कसा उलगडायचा

लहान ऑफिसमधून फोन येतो तो बहुतेक वेळा असा: "आमच्या ईमेल सगळीकडून परत यायला लागल्यात." अँटिव्हायरस 'सर्व सुरक्षित' दाखवत असतो, पीसी नेहमीसारखे चालत असतात. पण ऑफिसचा पब्लिक आयपी स्पॅमच्या काळ्या यादीत गेलेला असतो. म्हणजे आतला कुठला तरी पीसी मालकाच्या नकळत ढिगाने मेल पाठवतोय. तो कोणता, कधीपासून, कशामुळे आणि मेलशिवाय त्याने आणखी काय बाहेर नेलं, या चार प्रश्नांची उत्तरं शोधायची असतात.

हे त्या पीसीलाच विचारून भागत नाही. मालवेअर प्रोसेसचं नाव बदलतं, विंडोजच्या एखाद्या खऱ्या प्रोसेसमध्ये शिरून बसतं, लॉग पुसतं. पण त्याला आपल्या मालकाशी, म्हणजे हल्लेखोराशी, बोलावंच लागतं. आज्ञा घ्यायच्या, चोरलेला माल पोचवायचा, तर पॅकेट (नेटवर्कवरून जाणारा डेटाचा तुकडा) बाहेर पडणार, आणि बाहेर पडलेलं पॅकेट त्याला परत घेता येत नाही. म्हणून मी तपासाची सुरुवात वायरपासून करतो, म्हणजे तिथली पॅकेट पकडून साठवतो. यालाच कॅप्चर म्हणतात.

उदाहरणासाठी इमोटेट आणि त्यामागून येणारं ट्रिकबॉट ही जोडी घेतो. इमोटेट २०१४ मध्ये बँकिंग ट्रोजन (बँकेचे पासवर्ड चोरणारं मालवेअर) म्हणून दिसलं, पुढे इतर टोळ्यांना दार उघडून देणारा वाटाड्या झालं. जानेवारी २०२१ मध्ये अनेक देशांच्या पोलिसांनी त्याचं जाळं ताब्यात घेतलं, तरी त्याच वर्षी नोव्हेंबरात ते परत आलं. आता नावं बदलली आहेत, पण शिकायला ही जोडी फार चांगली आहे. दस्तऐवजापासून डोमेन कंट्रोलरपर्यंतची (ऑफिसची सगळी लॉगिन सांभाळणारा सर्व्हर) अख्खी साखळी तिच्या ट्रॅफिकमध्ये दिसते, आणि नवी मालवेअर आजही बऱ्याच अंशी याच पायऱ्या चढतात.

कॅप्चरला बसण्याआधी

पहिली गोष्ट लेखी परवानगी. तुम्ही पकडणार असलेल्या ट्रॅफिकमध्ये लोकांचे पासवर्ड, पगाराचे तपशील, खासगी मेल असू शकतात. मालकाची किंवा अधिकाऱ्याची सही असलेला एक कागद हवाच, मग ऑफिस कितीही ओळखीचं असो.

दुसरा प्रश्न, संशयित पीसीची केबल लगेच काढायची का? फाइलींची एक्स्टेन्शन बदलताना दिसली किंवा खंडणीची चिठ्ठी आली, तर क्षणाचाही विचार न करता काढा. तसं नसेल आणि कोणता पीसी हेच ठाऊक नसेल, तर थोडा वेळ कॅप्चर घेणं फायद्याचं ठरतं, कारण केबल काढली की बोलणं थांबतं आणि माग तुटतो. पीसी मात्र बंद करू नका. मेमरीत जे आहे ते पॉवर गेल्यावर परत मिळत नाही.

कॅप्चर कुठे घ्यायचं

या पायरीवर चूक झाली तर पुढची सगळी मेहनत वाया जाते, म्हणून इथे जरा थांबू.

राउटरच्या बाहेरच्या बाजूला कॅप्चर घेतलं, तर नॅटमुळे सगळे पीसी एकाच पब्लिक आयपीचे दिसतात. कोणी काय केलं ते कळणार नाही. कॅप्चर राउटरच्या आतल्या बाजूला हवं. मॅनेज्ड स्विच असेल तर त्याच्या सेटिंगमध्ये पोर्ट मिररिंग असतं. राउटरकडे जाणाऱ्या पोर्टची नक्कल दुसऱ्या पोर्टवर घ्या आणि तिथे आपला लॅपटॉप जोडा.

यात दोन खड्डे आहेत. पहिला, राउटरकडच्या पोर्टवर फक्त बाहेर जाणारं-येणारं ट्रॅफिक दिसतं. एका पीसीतून शेजारच्या पीसीत पसरणारं मालवेअर स्विचच्या आतल्या आतच जातं, ते इथे दिसत नाही. त्यासाठी फाइल सर्व्हर किंवा डोमेन कंट्रोलरच्या पोर्टचीही नक्कल घ्या. दुसरा खड्डा डीएनएसचा (डोमेनच्या नावावरून आयपी शोधून देणारी सेवा). ऑफिसमध्ये अंतर्गत डीएनएस सर्व्हर असेल, तर राउटरपाशी प्रत्येक डीएनएस प्रश्न त्या सर्व्हरच्याच नावावर दिसतो. घाईत माणूस सर्व्हरलाच संसर्ग झाला असं समजतो. खरा प्रश्नकर्ता शोधायला सर्व्हरच्या आतल्या बाजूचं कॅप्चर किंवा त्याचा क्वेरी लॉग लागतो.

वायरशार्क (पॅकेट पकडून वाचायचं सॉफ्टवेअर) उघडं ठेवून तासन् तास कॅप्चर करू नका. ते मेमरी खात जातं. त्याच्यासोबत येणारं डम्पकॅप वापरा, किंवा लिनक्सवर टीसीपीडम्प. १०० एमबीच्या ५० फाइली, जागा भरली की सर्वांत जुनी पुसून नवी लिहायची, अशी फिरती रचना लावा. फाइल हातात आली की आधी तिचा एसएचए-२५६ हॅश (फाइलीचा बोटांच्या ठशासारखा आकडा) काढून वहीत लिहा आणि काम फक्त प्रतीवर करा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबतच्या प्रमाणपत्रात हॅश नोंदवावा लागतो. प्रकरण पोलिसांत जाईल की नाही हे पहिल्या दिवशी कोणालाच माहीत नसतं.

घड्याळ

एका प्रकरणात फायरवॉलच्या लॉगमध्ये संशयास्पद कनेक्शनची वेळ ९:४० होती. मी ती सकाळची धरली, त्या वेळी तो आयपी कोणत्या पीसीकडे होता ते डीएचसीपीच्या (पीसींना आयपी वाटणाऱ्या सेवेच्या) नोंदीत पाहिलं आणि एका कर्मचारी मुलीचं नाव पुढे आलं. लॉग यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, होता. भारतीय वेळेनुसार ते दुपारचे ३:१० होते आणि तोपर्यंत तो आयपी दुसऱ्याच लॅपटॉपकडे गेला होता. त्या मुलीला दोन दिवस जी उत्तरं द्यावी लागली, ती माझ्यामुळे. तेव्हापासून कुठलाही लॉग उघडला की आधी त्याचं घड्याळ कोणतं, साडेपाच तासांचा फरक धरलाय की नाही, हे वहीत लिहितो आणि मगच पुढे जातो.

वायरशार्कमध्ये 'व्ह्यू' मेनूतल्या वेळेच्या पर्यायात यूटीसी तारीख-वेळ निवडा आणि सगळी टाइमलाइन त्यातच लिहा. अहवालात हवं तर भारतीय वेळ शेजारी द्या.

वायरशार्क हाताला बसवून घ्या

मूळ मांडणीतले रकाने या कामाला पुरत नाहीत. प्रोटोकॉल आणि लांबी हे रकाने काढून टाका. पॅकेट क्रमांक, वेळ, स्रोत, गंतव्य आणि गंतव्य पोर्ट ठेवा (इथून पुढे पोर्ट म्हणजे बहुतेकदा सेवेचा क्रमांक, स्विचचं सॉकेट नव्हे). मग एखादी एचटीटीपी विनंती निवडा, खालच्या तपशिलात 'होस्ट'वर राइट क्लिक करून तो रकाना म्हणून जोडा. तसंच टीएलएसच्या (एन्क्रिप्टेड कनेक्शनच्या) 'क्लायंट हॅलो' या पहिल्या संदेशातलं सर्व्हरचं नाव जोडा. कनेक्शन एन्क्रिप्टेड असलं तरी पीसी कोणाकडे जातोय हे या नावावरून बहुतेकदा कळतं.

आता मुख्य फिल्टर. मी उच्चार देतो. टाइप करताना अक्षरं आणि आकडे इंग्रजीत, 'डॉट'च्या जागी टिंब. पहिल्या कंसात: एचटीटीपी डॉट रिक्वेस्ट, ऑर, टीएलएस डॉट हँडशेक डॉट टाइप इक्यू १. कंस बंद करून पुढे: अँड नॉट एसएसडीपी (उपकरणांनी एकमेकांना शोधण्याचा गोंगाट). लाखो पॅकेटमधून फक्त 'कोणी कुठे जायला निघालं' तेवढ्या ओळी उरतात. हे फिल्टर बटण म्हणून जतन करा.

एक त्रुटी ध्यानात ठेवा. मालवेअर बंद पडलेल्या सर्व्हरला हाका मारत असेल, तर कनेक्शन जुळतच नाही आणि वरच्या फिल्टरमध्ये काही दिसत नाही. म्हणून त्या कंसात 'ऑर' लिहून आणखी एक अट, तिच्या स्वतःच्या कंसात, जोडलेलं दुसरं बटण बनवा: टीसीपी डॉट फ्लॅग्ज डॉट सिन इक्यू १, अँड, टीसीपी डॉट फ्लॅग्ज डॉट अ‍ॅक इक्यू ०, म्हणजे कनेक्शनची फक्त पहिली हाक. उत्तर न मिळालेल्या हाका, एकामागून एक वेगवेगळ्या अनोळखी आयपींना, हा फार बोलका पुरावा असतो. इमोटेटच्या पोटात अशा आयपींची लांबलचक यादी असते आणि त्यातले कित्येक मेलेले असतात.

आधी माणूस आणि मशीन ओळखा

आयपी म्हणजे पीसी नव्हे. 'डीएचसीपी' फिल्टर लावा, रिक्वेस्ट पॅकेट उघडा: मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा क्रमांक) आणि पीसीचं नाव दोन्ही मिळतात. कॅप्चरच्या काळात डीएचसीपीची देवघेव झालीच नसेल तर 'एनबीएनएस' फिल्टरमध्ये विंडोज पीसी स्वतःचं नाव सांगताना सापडतो. डोमेन असलेल्या ऑफिसात लॉगिन कर्बेरॉस या पद्धतीने होतं, तिथे कर्बेरॉस डॉट सीनेमस्ट्रिंग या फिल्टरवर लॉगिन केलेल्या वापरकर्त्याचं नाव येतं; त्यातली सी, एन आणि एस ही अक्षरं मोठी टाइप करा. शेवटी डॉलरचं चिन्ह असलेली नावं मशीनची असतात, ती सोडा.

आयपी, मॅक, पीसीचं नाव, वापरकर्ता आणि वेळ हे पाचही जुळल्याशिवाय कोणाचंही नाव तोंडातून काढू नका.

एक पक्कं टोक धरा

नवखा माणूस कॅप्चर पहिल्या पॅकेटपासून वाचायला बसतो आणि हरवतो. तसं करू नका. एक निर्विवाद वाईट घटना शोधा आणि तिथून वेळेत मागे-पुढे सरका.

मेल परत येण्याच्या प्रकरणात असं टोक सहज मिळतं. ऑफिसचे पीसी मेल पाठवायला ठरलेल्या एकाच सर्व्हरकडे जातात. पोर्ट २५, ४६५ आणि ५८७ वर जाणारी कनेक्शन फिल्टर करा. एकच पीसी डझनावारी अनोळखी मेल सर्व्हरशी बोलताना दिसला की तोच. 'स्टॅटिस्टिक्स' मेनूतल्या 'कॉन्व्हर्सेशन्स' खिडकीत हे एका नजरेत दिसतं.

असं टोक नसेल तर मी या गोष्टी पाहतो: डोमेनचं नाव न घेता थेट आयपीला केलेली एचटीटीपी पोस्ट विनंती, ४४३ पोर्टवर जाणारं पण टीएलएस नसलेलं साधं एचटीटीपी, पीसीने स्वतःचा पब्लिक आयपी विचारणं, ४४७, ४४९, ८०८२ असे आडवळणी पोर्ट. २०२१ पूर्वीचं इमोटेट यातल्या पहिल्या दोन गोष्टी हमखास करायचं. ट्रिकबॉट उरलेल्या दोन करायचं.

चकवे पुष्कळ आहेत. इंटरनेट आहे का हे तपासायला विंडोज स्वतः साध्या एचटीटीपीवर मायक्रोसॉफ्टची एक छोटी फाइल मागतं. प्रमाणपत्रं रद्द झालीत का हे पाहणारं ट्रॅफिकही साध्या एचटीटीपीवर जातं. स्वतःचा आयपी विचारणारी प्रामाणिक सॉफ्टवेअरही असतात. म्हणून एका खुणेवर निकाल देऊ नका. पब्लिक आयपी विचारला आणि पुढच्याच मिनिटात अनोळखी आयपीच्या ४४९ पोर्टवर टीएलएस सुरू झालं, तर मात्र जोडी जुळली. शक्य असेल तर निरोगी पीसीचं अर्ध्या तासाचं कॅप्चर शेजारी ठेवा. नेहमीचं काय ते डोळ्यात बसलं की वेगळं आपोआप खुपतं.

तिथून मागे : शिरकाव कसा झाला

टोकापासून मागे जाताना तुम्ही एक डाउनलोड शोधत असता. इमोटेटच्या साखळीत वर्ड फाइलमधला मॅक्रो पॉवरशेल चालवायचा आणि पॉवरशेल पाच-सात वेबसाइट एकामागून एक ठोठावायचं, एखादी उघडेपर्यंत. या साइट बहुधा कुठल्या तरी गरीब दुकानदाराच्या, हॅक झालेल्या वर्डप्रेस साइट असायच्या. म्हणून 'साइट तर साधी दिसते' हे कारण देऊन ओळ सोडून देऊ नका.

संशयित ओळीवर राइट क्लिक करून 'फॉलो टीसीपी स्ट्रीम' निवडा. उत्तराच्या सुरुवातीला एम आणि झेड ही अक्षरं आणि थोडं पुढे 'हा प्रोग्राम डॉस मोडमध्ये चालणार नाही' या अर्थाचं इंग्रजी वाक्य दिसलं, तर ती विंडोजची चालणारी फाइल आहे. नाव आणि हेडर काहीही म्हणोत, या खुणेवर विश्वास ठेवा. ट्रिकबॉट ज्या फाइली पीएनजी चित्राच्या नावाने मागवायचं, त्या उघडल्या की आत हेच एम-झेड असायचं.

'फाइल' मेनूतल्या 'एक्सपोर्ट ऑब्जेक्ट्स'मधून ती फाइल बाहेर काढता येते. हे काम विंडोजवर करू नका. लिनक्सच्या व्हर्च्युअल मशीनमध्ये करा, तेही ऑफिसच्या नेटवर्कपासून तोडलेल्या. तिचा हॅश काढून व्हायरसटोटल या फाइली तपासणाऱ्या वेबसाइटवर तो हॅश शोधा. फाइल अपलोड करायची घाई नको. विशेषतः वर्ड-एक्सेल फाइल असेल तर मुळीच नको: तिथे चढवलेली फाइल इतर सदस्यांना उतरवून घेता येते, आणि तुमच्या ग्राहकाचा ताळेबंद त्यात असू शकतो.

डाउनलोडच्या आधीच्या दोन-तीन मिनिटांत वेबमेल किंवा मेल सर्व्हरशी बोलणं दिसतंय का पाहा. मेलचा मजकूर एन्क्रिप्टेड असेल, पण वेळ मिळते. ती वेळ घेऊन वापरकर्त्याच्या इनबॉक्समध्ये पाहा. विचारताना सौम्यपणे विचारा. घाबरलेला माणूस मेल पुसून टाकतो.

तिथून पुढे : काय गेलं, कुठे पसरलं

मालकाला सर्वांत जास्त टोचणारा प्रश्न हाच असतो. ट्रिकबॉटच्या बाबतीत उत्तर कधी कधी उघड्यावर सापडतं. ८०८२ पोर्टवर साध्या एचटीटीपीने जाणाऱ्या पोस्ट विनंत्यांच्या पत्त्याचा शेवटचा आकडा पाहा: ८१ म्हणजे ब्राउझर-मेलमधले साठवलेले पासवर्ड, ८३ म्हणजे फॉर्ममध्ये भरलेली माहिती, ९० म्हणजे पीसीची आणि नेटवर्कची माहिती. स्ट्रीम उघडली की पासवर्ड सरळ वाचता येतात. ज्याचा पासवर्ड आहे त्याला तो फुटल्याचं लगेच कळवा. अहवालात मात्र तो जसाच्या तसा छापू नका.

एन्क्रिप्टेड बोलण्यात आतलं दिसत नाही, तरी बाहेरून पुष्कळ कळतं. टीएलएस १.२ पर्यंत सर्व्हरचं प्रमाणपत्र उघड जातं. टीएलएस डॉट हँडशेक डॉट टाइप इक्यू ११ हे फिल्टर लावा. संस्थेच्या जागी 'इंटरनेट विजिट्स', राज्याच्या जागी 'सम-स्टेट', देश ऑस्ट्रेलिया असं दिसलं, तर ती ओपनएसएसएल या प्रमाणपत्रं बनवायच्या साधनाची न बदललेली मूळ मूल्यं आहेत. ट्रिकबॉटच्या प्रमाणपत्रांवर ती असायची. टीएलएस १.३ मध्ये प्रमाणपत्रही झाकलं जातं, तिथे लय पाहावी लागते. कोबाल्ट स्ट्राइक हे हल्लेखोरांचं आवडतं साधन मूळ सेटिंगमध्ये दर ६० सेकंदांनी हल्लेखोराच्या सर्व्हरला साद घालतं. रात्री अडीच वाजता, ऑफिस बंद असताना, एकच पीसी एकाच पत्त्याला ठरावीक अंतराने थोडेसेच बाइट पाठवतोय, हे 'आयओ ग्राफ'मध्ये एकसारख्या दातांसारखं उमटतं. हुशार टोळ्या अंतरात थोडी गडबड मुद्दाम मिसळतात, तरी दिवसभराच्या नोंदीत सरासरी लपत नाही. कॅप्चर मोठं असेल तर ते झीक या ट्रॅफिकच्या नोंदी काढणाऱ्या साधनातून काढा. प्रत्येक कनेक्शनची एक ओळ मिळते आणि अशी मोजदाद सोपी होते. संशयास्पद ट्रॅफिकवर इशारा देणाऱ्या सुरिकाटालाही तीच फाइल खायला घाला, फुकट मिळणाऱ्या नियमसंचासह. त्याचा इशारा म्हणजे निकाल नव्हे, पण कुठे पाहायचं ते कळतं.

मग आतला प्रसार. संसर्ग झालेल्या पीसीकडून इतर पीसींच्या ४४५ पोर्टकडे (एसएमबी, म्हणजे विंडोजचं फाइल-शेअरिंग) जाणारी कनेक्शन पाहा. फाइल सर्व्हरकडे जाणं स्वाभाविक आहे. शेजारच्या टेबलावरच्या पीसीकडे, मग त्याच्या शेजारच्याकडे, मग डोमेन कंट्रोलरकडे, हे नाही. 'एक्सपोर्ट ऑब्जेक्ट्स'मध्ये एसएमबीचाही पर्याय आहे, पसरवलेली फाइल तिथे सापडू शकते. या पायरीला किती महत्त्व द्यायचं हे २७ जून २०१७ ला जगाने पाहिलं. नॉटपेट्या हे मालवेअर युक्रेनमधून सुटलं, चोरलेले पासवर्ड आणि एसएमबीतली भेग वापरून कंपन्यांच्या आतल्या नेटवर्कवर पसरलं, आणि मर्स्क समूहाकडून चालवलं जाणारं आपल्या जेएनपीटीमधलं टर्मिनलही ठप्प झालं.

डोमेन कंट्रोलरकडून बाहेर संशयास्पद बोलणं दिसलं, तर 'एक पीसी फॉरमॅट करून देतो' हा विचार तिथेच सोडा. अख्खं डोमेन हातचं गेलं असं धरून चाला. ट्रिकबॉटनंतर अनेक ठिकाणी रायुक रॅन्समवेअर आलं ते याच वाटेने.

लिहून काढा

टाइमलाइन एका तक्त्यात: यूटीसी वेळ, स्रोत, गंतव्य, पोर्ट, काय घडलं, कोणत्या पॅकेट क्रमांकावरून कळलं. शेवटचा रकाना टाळू नका. महिन्याभराने कोणी विचारलं तर तोच उपयोगी पडतो. वाईट डोमेन आणि आयपी लिहिताना टिंबाभोवती चौकटी कंस घाला, म्हणजे अहवाल वाचणाऱ्याकडून चुकून क्लिक होणार नाही.

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची असते, आणि लॉग १८० दिवस सांभाळायचे असतात. कंपन्यांनाही हे लागू आहे. ६ तासांत तपास पुरा होत नाही. हाती असेल तेवढं कळवा, बाकीचं मागाहून द्या. खात्यातून पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन आधी, वायरशार्क नंतर.

साफसफाईत अँटिव्हायरसने 'काढलं' असं म्हटल्यावर मी थांबत नाही. विंडोज नव्याने टाकावं, आणि पासवर्ड स्वच्छ पीसीवरूनच बदलावेत, नाहीतर नवे पासवर्डही त्याच वाटेने जातात. डोमेन गेलं असेल तर कर्बेरॉसच्या मूळ खात्याचा पासवर्ड दोनदा बदलावा लागतो, मध्ये पुरेसा वेळ सोडून.

आणि मिरर पोर्टवरचा लॅपटॉप लगेच काढून नेऊ नका. निदान एक आठवडा, शनिवार-रविवार धरून, तीच फिरती कॅप्चर चालू राहू दे. टाइमलाइनमधले सगळे आयपी आणि डोमेन फिल्टरला लावून रोज सकाळी पाहा. तुमच्या यादीत नसलेला एखादा दुसरा पीसी त्याच पत्त्याला साद घालताना दिसला, तर तक्त्यात नवी ओळ लिहा आणि त्याच्यापासून पुन्हा मागे चालायला लागा.